न बसता गेलेली जुली

बार्शीहून पनवेलला मी एसटीनं गेले आणि परत आले ती रेल्वेनं. माझा स्वभाव ज्यांना माहीत आहे त्यांना एवढ्यातच कळेल की मधल्या पाच दिवसांत काहीतरी घडलं. गिरणीवर येणाऱ्या बायकांना मी ते तुकड्यातुकड्यानं सांगून पाहिलं, पण गिरणीच्या आवाजात निम्मं कुणाला ऐकूच गेलं नाही. म्हणून आता एकदाच सगळं सलग लिहून काढते.

आमची पिठाची गिरणी आहे. तीस वर्षं मी ती चालवते. डोळे मिटून वास घेतला तरी ज्वारी नवी की जुनी, आधी कुणाची हरभरा डाळ दळून गेली, हे मी सांगू शकते. माझ्या नाकाचा मला भारी गर्व. रेल्वेची मात्र धास्ती. काही वर्षांपूर्वी एका लग्नाला जाताना डब्यात कुणीतरी ओरडलं, "ही बॅग कुणाची?" बॅगेला मालक सापडेना. मग बाँबचं नाव कुणाच्या तोंडून निघालं कोण जाणे, जो तो दाराकडं धावला, गाडी थांबता थांबता लोकांनी उड्या टाकल्या आणि माझ्या उजव्या मनगटाचं हाड मोडलं. बॅगेत निघाला चिवडा आणि तान्ह्या बाळाची झबली. मनगट महिना-दीड महिन्यात जुळलं, धास्ती काही गेली नाही. तेव्हापासून मी रेल्वेचं नाव टाकलं होतं.

सोमवार, सुकापूर

माझ्या धाकट्या बहिणीची मुलगी शुभांगी लग्न होऊन पनवेलला गेली त्याला सहा वर्षं झाली. ये ये म्हणून तिनं फोन करकरून जीव खाल्ला होता. शेवटी यंदा संक्रांत झाल्यावर गिरणीवर ह्यांना बसवलं, तिळगूळ आणि शेंगदाण्याचे लाडू डब्यात भरले आणि निघाले. एसटीच्या प्रवासाबद्दल काही लिहीत नाही, कंबर अजून त्याबद्दल बोलते आहे.

सुकापूर हे नवीन पनवेलला चिकटलेलं गाव. गाव म्हणायचं ते आता नावापुरतं. जिथं भातखाचरं होती तिथं सात-सात मजली इमारती, आणि त्यांच्या मधूनच एखादं कौलारू घर, पुढं अंगण, अंगणात वालाचा वेल. शुभांगीचं सासर अशाच एका घरात आहे. पूर्वेला बघितलं तर डोंगरांची रांग, सकाळी निळी आणि दुपारी मातकट. आमच्या सपाट मुलखातून गेलेल्या माणसाला घरामागं एवढा डोंगर उभा असूनही त्याच्याकडं कुणी मान वर करून बघत नाही याचंच नवल वाटतं.

शुभांगीच्या सासूबाई हिराबाई दारात उभ्या होत्या. तरतरीत बाई, आगरी लुगडं, कपाळाला मोठं कुंकू. माझ्या हातातली पिशवी घेत म्हणाल्या, "या विहीनबाई, टेका."

मी जागच्या जागी उभी. आमच्याकडं टेकू देतात तो पडायला आलेल्या भिंतीला. पाहुण्याला आम्ही बसा म्हणतो, आणि एकदा म्हणून भागत नाही, तीनदा म्हणतो. मला वाटलं, आपलं येणं यांना रुचलेलं दिसत नाही.

शुभांगीनं माझा चेहरा वाचला आणि हसत मला खुर्चीकडं ढकललं. "मावशी, रागावू नकोस. या घरात तो शब्द बंद आहे. ह्यांची ऑर्डर."

"कुठला शब्द?"

"तोच. तू तीनदा म्हणतेस तो."

आमचे जावई रमाकांत रेल्वेच्या श्वानपथकात आहेत. जुली नावाची काळी लॅब्रडॉर कुत्री त्यांच्या हाताखाली आहे, की ते तिच्या हाताखाली आहेत, हे मला शेवटपर्यंत ठरवता आलं नाही. जुली स्फोटकांचा वास शोधते. वास सापडला की भुंकत नाही, उकरत नाही, फक्त बसते. कारण भुंकण्यानं आणि उकरण्यानं काय होईल ते सांगायला नको. जुली बसली म्हणजे फलाट रिकामा करायचा. म्हणून त्या घरात बसणं ही चेष्टेची गोष्ट नाही. जुली राहते स्टेशनावर, पण त्या शब्दाची सवय घरातूनच मोडायची, असं त्यांचं म्हणणं.

संध्याकाळी रमाकांत आले. सावळे, शिडशिडीत, बोलायला मऊ. पाया पडून म्हणाले, "मावशी, तुमी आलात, बरं वाटलं. पन या आठवड्यात माझं जरा डोकं ठिकान्यावर नाय. गुरुवारी जुलीची परीक्षा हाय."

मग शुभांगीनं सगळं सांगितलं. दिवाळीत जुली एका कामगाराच्या पिशवीपाशी बसली. तळोज्याच्या रसायनांच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेला बिचारा गडी. फलाट रिकामा केला, पिशवी तपासली, आत निघाले त्याचे मळके कपडे आणि डबा. कपड्यांना कारखान्याचा काय वास होता तो जुलीलाच ठाऊक, पण कागदावर ती खोटी बैठक म्हणून चढली. दुसरी खोटी बैठक झाली की कुत्र्याचं काम बंद. जुली आठ वर्षांची. तिला काढलं तर ती कुठल्या तरी अनोळखी माणसाच्या घरी जाईल, आणि नवं कुत्रं शिकून येईपर्यंत पनवेलचं स्टेशन कितीतरी महिने नाकाविना राहील. त्यात रविवारी सव्वीस जानेवारी.

मंगळवार, स्टेशन

रमाकांतनी मला स्वतःहून विचारलं, "चला, जुलीला बगायचंय ना?" मी रेल्वेला भिते हे शुभांगीनं त्यांच्या कानावर घातलं असणार.

पनवेल स्टेशनात एका बाजूला मुंबईच्या लोकल येऊन थांबतात आणि दुसऱ्या बाजूनं कोकणात जाणाऱ्या लांबच्या गाड्या. त्यामुळं एका पुलावर ऑफिसच्या बॅगा आणि गाठोडी, दोन्ही चालतात. मी पुलाच्या पायरीवरच थबकले. रमाकांतनी घाई केली नाही. म्हणाले, "सावकाश. आधी मानसं दाखवतो."

आणि खरोखर त्यांनी मला माणसंच दाखवली. मला वाटायचं की रेल्वेची राखण म्हणजे बंदूकवाले शिपाई आणि कॅमेरे. ते होतेच. पण रमाकांत म्हणाले की त्यांचं अर्धं काम करतो तो चहावाला. तो दिवसभर एका जागी उभा असतो, कुठली पिशवी कधीपासून एकटी पडलीय ते त्याला आधी कळतं. हमाल आहेत, झाडू मारणाऱ्या बाया आहेत. एक झाडूवाली तर रोज बाकांखाली ठरावीक क्रमानं झाडते, म्हणजे काल नसलेली वस्तू तिच्या झाडूला लागतेच. यातलं कुणी पगारी पहारेकरी नाही. मी त्या बाईकडं बघतच राहिले. माझ्या मनगटाच्या वेळी डब्यात अशी एक जरी शांत बाई असती तर हाड शाबूत राहिलं असतं.

जुलीची खोली स्टेशनाच्या मागं, चिंचेच्या झाडाखाली. धुतलेली फरशी, पाण्याचं घमेलं, भिंतीला तिच्या जेवणाच्या वेळा. जुली उठून आली, माझा हात हुंगला, मग पदर, मग चपला. मला वाटतं माझ्यातलं पीठ तिला सापडलं असावं.

"नाकाला नाक भेटलं," मी म्हणाले, आणि कौतुकानं, जशी गिरणीवर दमून आलेल्या बाईला म्हणते तशी, आवाज खाली आणून म्हणाले, "बस गं बाई, बस."

जुली बसली. ताठ, कान उभे, नजर रमाकांतच्या खिशाकडं.

मी आनंदानं टाळी वाजवणार तोच रमाकांतच्या चेहऱ्याकडं लक्ष गेलं. ते रागावले नव्हते, घाबरले होते. त्यांनी जुलीला हळूच उठवलं, चार पावलं चालवलं आणि मग मला समजावून सांगितलं. ट्रेनिंगला सगळे हुकूम हिंदीत. पण जुली पिल्लू होती तेव्हा वास सापडला की रमाकांतच्या तोंडून आपसूक आपलं मराठीच निघायचं, तेही असंच आवाज खाली आणून. ती बसली की लगेच पिवळा चेंडू. आता हुकूम लागत नाही, वास आला की ती आपणच बसते. पण शब्द तिच्या डोक्यात राहिला.

"मग फलाटावर काय करता?" मी विचारलं. " तिथं तर बसा, बस स्टँड, बस झालं, हेच चालतं दिवसभर."

"त्या सुरात नाय म्हनत कोन. तिला सूर कळतो. तुमचा सूर नेमका माझाच निघाला, मावशी." मग हात जोडून म्हणाले, "एवढा एक शब्द सोडून काय बी बोला."

मी कबूल केलं. पण मनातून मला अभिमानच वाटला, हे खोटं कशाला सांगू.

नंतर मी तिचं काम पाहिलं. वीस मिनिटं काम, मग विश्रांती, कारण धापा टाकणाऱ्या कुत्र्याला वास येत नाही. कोकणात जाणाऱ्या बायांच्या टोपल्यांमधून सुकट आणि बोंबलांचा असा दरवळ येत होता की मीसुद्धा वळून बघितलं. जुलीनं बघितलं नाही. तिला पहिल्या वर्षी सुक्या मासळीच्या टोपल्यांमधूनच फिरवून शिकवलंय म्हणे. उरणच्या कोळणी तिला ओळखतात, आपल्या टोपल्या तिच्यासाठी जरा सरकवून ठेवतात आणि गप्पांमध्ये खंड पडू देत नाहीत. एवढी माणसं आणि कुणी दचकत नव्हतं. माझीही छाती हळूहळू धडधडायची थांबली.

बुधवार, पोपटी

आता माझी चूक सांगते.

बुधवारी सकाळी मी परत जुलीकडं गेले. रमाकांतना सही करायला ऑफिसात जायचं होतं. पट्टा माझ्या हातात देऊन म्हणाले, "पाच मिन्टं." माझ्या पिशवीत लाडवांचा डबा होता. मला वाटलं, उद्या परीक्षा आहे, बसायचा सराव झालेला काय वाईट. खरं म्हणजे सराव वगैरे काही नाही. एवढं हुशार जनावर आपल्या शब्दावर बसतं, हे मला पुन्हा बघायचं होतं. मी तीनदा म्हणाले. ती तीनदा बसली. तीनदा मी तिला लाडवाचा तुकडा दिला. रमाकांत आले तेव्हा मी साळसूदपणे पट्टा धरून उभी होते.

संध्याकाळी हिराबाईंनी माझ्यासाठी पोपटी लावली. थंडीतली ही या भागाची खास चीज. मोकळ्या जागेत जायचं, मडक्याच्या तळाशी भांबुर्डी नावाच्या उग्र वासाच्या झुडपाचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, मीठ, ओवा, मध्ये अंडी आणि मसाला लावलेली कोंबडी, वरून पुन्हा पाला दाबायचा. मडकं पालथं ठेवून भोवती गवत-काटक्या पेटवायच्या. तेल नाही, पाण्याचा थेंब नाही. आमच्याकडं या दिवसांत हुरडा असतो, शेकोटीपाशी सगळे गोल बसतात, गरम दाणे तळहातावर चोळून खातात. हुरड्यात दाणा हातात येईपर्यंत जीभ वाट बघते, पोपटीत मडकं उघडेपर्यंत नाक. मडकं उघडल्यावर जो वास आला त्यापुढं मी माझ्या तीस वर्षांच्या अनुभवासकट गप्प बसले. शेंग दाताखाली धरून ओढायची, वाल जिभेवर विरघळतो. हुरड्याला लाज वाटावी इतकं मी खाल्लं.

सगळे जाळाभोवती आणि रमाकांत तेवढे लांब, बांधावर, घरून आणलेली भाकरी आणि दूध घेऊन.

"ते का नाही घेत?" मी विचारलं.

"भांबुर्डीचा वास हाताला दोन दिस राहतो," हिराबाई म्हणाल्या. "उद्या त्या हातात तिचा पट्टा. पोर साबन बी लावत नाय वासाचा."

शुभांगी म्हणाली, "लग्नातली अत्तराची बाटली अजून तशीच आहे मावशी. मी कधी गजरा माळला तरी हे ड्यूटीच्या आधी दुसऱ्या खोलीत झोपतात." तक्रार म्हणून म्हणाली, पण आवाजात तक्रार नव्हती.

मी रमाकांतपाशी जाऊन उभी राहिले. ते म्हणाले, "मावशी, माझा बाप म्हनायचा, ज्याचं मीठ खातो त्याच्या बांधावर नीट चालायचं. ती बोलत नाय, म्हनून तिच्या वाटचं मलाच नीट चालायला लागतं. उद्या तिला काढली तर माझी नोकरी जानार नाय. दुसरा कुत्रा देतील. पन ती कुनाकडं जाईल? तिला वाटंल मीच सोडली."

तेव्हाच सांगायला हवं होतं. पण माझ्या तोंडात वाल होता. तो संपला तशी मी दुसरी शेंग ओढली.

गुरुवार, परीक्षा

परीक्षा घ्यायला मुंबईहून एक मॅडम आल्या होत्या. पंजाबी ड्रेस, बारीक फ्रेमचा चष्मा, कमी बोलणं. दोन गाड्यांच्या मधला मोकळा वेळ बघून फलाटावर ठिकठिकाणी बॅगा ठेवल्या गेल्या. एकीत स्फोटकाचा खरा नमुना, बाकीच्यांत काहीही. कुठली कशी ते फक्त मॅडमना माहीत. रमाकांतनी मला लांबच्या बाकावर जागा दाखवली होती. "या, पन तोंड मिटून." मी खरोखर पदर तोंडाशी धरून होते.

जुली निघाली. शेपटी सरळ, नाक जमिनीच्या बोटभर वर. पहिली बॅग गेली, दुसरी गेली. ती माझ्या बाकाच्या रोखानं येत होती. आणि त्याच वेळी जिना उतरून एक म्हातारी आली. इथल्या कोकणी मुसलमान बायका नेसतात तसं नेसलेली, डोक्यावर ओढणी, हातात भलंमोठं गाठोडं, दम लागलेला. ती माझ्या बाकापाशी थांबली आणि गाठोडं खाली ठेवून गुडघ्याला हात लावला.

साठ वर्षांची सवय. मी सरकले, जागा केली आणि मनापासून, आवाज खाली आणून म्हणाले, "बसा बाई, बसा."

म्हातारी बसली. आणि तिच्या गाठोड्यापाशी जुलीही बसली.

रमाकांतचा हात खिशातल्या चेंडूवर गेलाच नाही. त्यांनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. मॅडमनी कागदावर काहीतरी लिहिलं. एका शिपायानं म्हातारीला गाठोडं उघडायला सांगितलं.

"बघा ना खोलून," ती म्हणाली. "जवळा हाय, सुकट हाय, दोन साड्या हायत. नातीला बाळ झालाय, रत्नागिरीला चाल्ले. अल्लाच्या मेहेरबानीनं दुसरा काय नाय." तिला राग आला नव्हता. उलट जुलीकडं बघून म्हणाली, "बेचारी दमली असंल."

मॅडम म्हणाल्या, "खोटी बैठक. दुसरी."

रमाकांत म्हणाले, "येस मॅडम." बस्स, एवढंच. माझं नाव घेऊन सुटता आलं असतं, त्यांनी घेतलं नाही. त्या दोन शब्दांनी माझे पाय आपोआप उभे राहिले.

"मॅडम, ती वासानं बसली नाही. मी बसवली."

"तुम्ही कोण?"

"मी यांची मावससासू. बार्शीहून आलेय." आणि मग मी सगळं सांगितलं, मंगळवारचं, बुधवारचं, तीन वेळा, तीन तुकडे. रमाकांतच्या देखत सांगितलं. आयुष्यात एवढी लाज मला कधी वाटली नव्हती. वजनात काटा मारताना पकडलं असतं तरी वाटली नसती.

मॅडमनी चष्मा काढून पुसला. "आजी, हे तर जास्त वाईट आहे. नाक चुकलं तर समजू शकते. पण जी कुत्री कुणाच्याही शब्दावर बसेल ती स्टेशनवर कशी चालेल? उद्या एखाद्यानं मुद्दाम बसवली तर? तुम्ही तिला इथं बसवाल आणि खरी बॅग तिकडं राहील."

मी पदर पुन्हा तोंडाशी धरला. रमाकांतनी मात्र पहिल्यांदाच मान वर केली. "मॅडम, ती कुनाचं बी ऐकत नाय. परवा सूर माझ्यासारखा वाटला, काल खायाला मिळालं, म्हनून मावशींचं ऐकलं. खानं नसंल तर ती नाकाचंच ऐकंल. एकदा बगा. माझ्यासाठी नको, तिच्यासाठी."

मॅडमनी घड्याळ पाहिलं. गाडीला अजून वेळ होता. "दहा मिनिटं तिला पाणी, विश्रांती. बॅगा मी बदलते." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आणि आजी, तुम्ही इथंच थांबायचं. कुत्री जवळ आली की म्हणायचं. लाजून नाही, घरी म्हणता तसं."

ती दहा मिनिटं मी कशी काढली ते मलाच माहीत. म्हातारीनं आपल्या थर्मासमधला चहा माझ्या हातात दिला. "पी बेटी. जनावर मानसापेक्षा अकलवाला असतो." चहावाला हातातलं काम सोडून उभा होता. झाडूवाली झाडूला टेकून उभी होती.

जुली निघाली. पहिली बॅग, दुसरी बॅग. माझ्यापासून चार हातांवर आली तेव्हा अगदी हळूच म्हणावंसं वाटलं. पण खोटं म्हणून चालणार नव्हतं. मी गिरणीवरची मी झाले आणि म्हणाले, "बस गं बाई, बस."

ती थांबली. कान उभे राहिले. माझ्याकडं बघत तिचं मागचं अंग जरासं खाली आल्यासारखं मला वाटलं. रमाकांतनी पट्टा ओढला नाही, सैलही सोडला नाही. मी माझे दोन्ही तळहात तिच्यापुढं उघडे धरले. रिकामे. आदल्या रात्री भांड्याच्या राखेनं घासून धुतलेले. तिनं एक हुंगला, दुसरा हुंगला. मी पुन्हा म्हणाले. मॅडमनी बोटानं खूण केली म्हणून तिसऱ्यांदाही म्हणाले, आणि तेव्हा माझा आवाज रडवेला झाला होता, पण सूर तोच होता.

जुलीनं नाक खाली घातलं आणि ती चालू लागली. माझ्या बाकावरून, म्हातारीच्या सुकटीवरून, पुढच्या खांबावरून. पाण्याच्या नळापाशी एक राखाडी, कुणाचं लक्षही जाणार नाही अशी बॅग होती. जुली तिच्यापुढून दोन पावलं गेली, मागं वळली, एक लांब श्वास घेतला आणि बसली.

कुणीही काही म्हणालं नव्हतं.

मॅडमनी मान हलवली. रमाकांतच्या खिशातून पिवळा चेंडू निघाला आणि आठ वर्षांची ती पोक्त बाई त्याच्यामागं एखाद्या पिल्लासारखी धावली. म्हातारीनं माझा दंड घट्ट धरला होता. मी मोकळेपणानं रडले, त्याची मला लाज नाही.

मॅडमचा शेरा असा होता की कुत्री कामावर राहील, पण महिन्याभरात शब्द बदलायचा, आणि नातेवाईकांना पट्टा द्यायचा नाही. हे दुसरं माझ्याकडं बघून लिहिलं.

रात्री जेवताना शब्दाचा शोध सुरू झाला. फलाटावर कुणी चुकूनही म्हणणार नाही असा हवा. हिराबाई म्हणाल्या वांगं. शुभांगी म्हणाली, लोक भाजी घेऊन येतात, नको. मी घाबरत घाबरत म्हणाले, "दळण?" रमाकांत दोन दिवसांत पहिल्यांदाच हसले. त्यांनी तो शब्द आवाज खाली आणून तीन-चारदा म्हणून पाहिला आणि म्हणाले, "जमंल, मावशी."

शुक्रवार, परतीची गाडी

शुक्रवारी शुभांगी एसटीचं तिकीट काढायला निघाली तर मी तिला अडवलं. बार्शीवरून जाणारी गाडी दुपारी पनवेलहून सुटते हे मी आधीच विचारून ठेवलं होतं. ती माझ्याकडं बघतच राहिली.

हिराबाईंनी वालाच्या शेंगा आणि तांदळाच्या भाकऱ्या बांधून दिल्या. दारात म्हणाल्या, "पुढच्या येळंला आलात की आठ दिस टेका." आता तो शब्द माझ्या कानाला गोड लागला.

मी डब्यात खिडकीशी जागा धरली. पिशवी सीटखाली सरकवली. सरकवताना जुनं मनगट एकदा दुखलं. मग दाराशी हालचाल झाली आणि पट्ट्याच्या पुढं जुली आत आली, मागं रमाकांत. ड्यूटीवर होते, मला त्यांनी ओळख दाखवली नाही, मीही दाखवली नाही. लोक आपापले पाय वर घेत होते. माझ्या समोरच्या बाईनं घाबरून पोराला कवटाळलं. मी तिला म्हणाले, "भिऊ नका. ती फक्त बघून जाते."

जुलीनं माझ्या सीटखाली डोकं घातलं. माझी पिशवी हुंगली. वालाच्या शेंगा, लाडवांचा रिकामा डबा, माझ्या साड्यांतलं तीस वर्षांचं पीठ, सगळं तिनं वाचलं असणार. माझ्या हातांकडं तिनं पाहिलं. मी ओठ घट्ट मिटून घेतले.

आमच्याकडं कुणी दारात येऊन न बसता परत गेलं तर आम्हाला ते लागतं. महिनाभर बोलून दाखवतो आम्ही. जुली माझ्यापाशी आली, आणि न बसता पुढं गेली. पुढच्या सीटपाशी बसली नाही, त्याच्या पुढच्या नाही, डब्याच्या शेवटापर्यंत कुठंच बसली नाही. गाडी सुटली तेव्हा समोरच्या बाईनं पोराला खाली उतरवलं होतं, आणि मी पिशवीतून भाकरी काढून निवांत मांडी घालून बसले होते.